गार वारा व उष्ण हवा यांची गांठ

वैशाखांत दुपारीं उकाडा असह्य होतो, आकाशांत काळे ढग उभे राहतात, आणि पावसाचा थेंबहि पडण्यापूर्वीं एकाएकीं गार वारा धूळ उडवीत येतो. हा वारा कोठून येतो व त्याविषयीं सावध कां असावें, हें आज आपण पाहूं.

हवेस वजन आहे. थंड हवा दाट म्हणून जड, उष्ण हवा विरळ म्हणून हलकी. दोहोंची गांठ पडली म्हणजे त्या लागलीच मिसळत नाहींत. थंड हवा नांगराच्या फाळाप्रमाणें जमिनीलगत शिरते व उष्ण हवेस वर उचलते. वर गेलेली हवा निवते, तिच्यांतील बाष्पाचे ढग होतात व पाऊस पडतो. १९१९ सालाच्या सुमारास नॉर्वे देशांत बर्गन येथें विल्हेल्म ब्यर्कनेस व त्यांचे सहकारी यांनीं ह्या सीमेचा अभ्यास केला, आणि महायुद्धांतील रणरेषेवरून तिला 'आघाडी' असें नांव दिलें. तिकडील आघाड्या शेंकडों मैल लांब असतात. आपल्या कोंकणांत तशा सहसा येत नाहींत. परंतु वळवाच्या वादळापुढें चालणारी लहान आघाडी तोच नियम पाळते. ढगांतून पडणारे कांहीं थेंब वाटेंतच सुकतात व सुकतांना हवेची उष्णता घेतात. निवालेली हवा जड होऊन खालीं कोसळते व जमिनीवर चोहोंकडे पसरते. तिची पुढची कड म्हणजेच तो गार वारा होय.

मुंबईच्या उपनगरांनीं ह्या वाऱ्याचें बळ १३ मे २०२४ रोजीं पाहिलें. दुपारीं चारनंतर धुळीचें वादळ उठलें, दिवसा अंधारून आलें, आणि घाटकोपर येथें छेडानगराजवळ, परवानगीच्या मर्यादेहून कितीतरी मोठा असा जाहिरातीचा लोखंडी फलक पेट्रोल पंपावर कोसळला. १७ माणसें मृत्यु पावलीं व सत्तरांहून अधिक जखमी झालीं. वारा मनुष्याच्या हातीं नाहीं. परंतु फलक केवढा व किती भक्कम उभारावा, हें मनुष्याच्याच हातीं आहे, हें आपण विसरूं नये.

म्हणून उपदेशक बंधूंनीं मंडळींतील थोरांस व मुलांस हें समजावून सांगावें. उकाड्यांत अवचित आलेली झुळूक सुखाची वाटली, तरी ती वादळाची वर्दी आहे. अशा वेळीं झाड, पत्र्याचें छप्पर किंवा फलक यांचा आसरा न घेतां पक्क्या घरांत जावें, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तेथेंच राहावें.