गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर

आजाऱ्यांच्या भेटीस गेलो की आम्ही पाहतो, गुडघ्याचा सांधा बदललेल्यास घरची मंडळी मायेपोटी खाटेवरून उठू देत नाहीत. त्याने गुडघा आखडतो. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच वॉकर धरून चालावे. पाय लांब करून गुडघा खाली दाबावा, 5 अंक मोजून सोडावा. असे 10 वेळा, दिवसातून तीनदा. गुडघ्याखाली उशी ठेवू नये. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना शस्त्रक्रियेचा. पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली, तर चोळत बसू नये. तत्काळ इस्पितळ गाठावे. भांगलणीला उकिडवे बसू नये. मिस्सेत गुडघे टेकणे जमत नसेल, तर निःसंकोच बसावे. बसून केलेली प्रार्थनाही देव ऐकतो.