त्या वह्या रद्दीत घालू नका

बारावीनंतर चित्रकला किंवा डिझाइन शिकायचं ठरवलेल्या मुलांच्या आईबाबांनो, पोर्टफोलिओविषयी तुमच्याशी थोडं मनातलं बोलायचं आहे.

आधी तो लागणार आहे का, ते पाहून घ्या. आपल्याकडच्या बी.एफ.ए.च्या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र तिथेच बसून काढायचं असतं, जोडीला सामान्यज्ञानाचा पेपर. घरची चित्रं तिथे उपयोगाची नाहीत. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनसारख्या संस्थेला मात्र अलीकडच्या कामाच्या 12 ते 20 प्रतिमा पाठवाव्या लागतात. अशा ठिकाणी अर्ज करायचा असेल तर अकरावीतच सुरुवात व्हायला हवी. बारावीच्या प्रिलिमच्या तोंडावर घाईघाईने काढलेली चित्रं तशीच दिसतात.

आपल्या मुलांचा हात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरावाने बसलेला असतो आणि तो सराव मोलाचाच आहे. पण त्या सवयीने मुलं पोर्टफोलिओतही तेच भरतात: घडी पडलेला पडदा, तांब्या, दोन फळं. निवड करणाऱ्यांना या मुलाची नजर कुठे थांबते, ते पाहायचं असतं. दुपारी सोफ्यावर आडवी झालेली आजी, गॅरेजमधली उघडी पडलेली स्कूटर, जिन्यातला चपलांचा ढीग, हे विषय त्याचे स्वतःचे आहेत. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते आणि रोजच्या येण्याजाण्यातलं शहर, तिथली कष्टकरी माणसं रंगवत होते. विषय शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही.

आणि हे सगळं समोर बसून काढू द्या. मोबाइलच्या फोटोत जवळचा हात अवाढव्य होतो, मागची खोली आक्रसते. फोटोवरून काढणारं मूल ती चूकही इमानाने उतरवतं आणि जाणत्याला ती लगेच कळते.

सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते क्लासबद्दल. शेवटी सरांनी 'हात फिरवून' दिलेलं चित्र घरी आलं की आपण खूश होतो. कृपा करून हे थांबवा. एकाच क्लासच्या दहा मुलांच्या चित्रांत एकच सावली, एकच झाड दिसतं. मुलाखतीत 'इथे हा रंग का घेतलास?' असं विचारलं तर मूल गप्प होतं, कारण तो त्याने घेतलेलाच नसतो. प्रवेश हुकण्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटते, की आपल्या हातचं चित्र कुणी दुरुस्त केल्याशिवाय दाखवण्याजोगं नसतं, असं त्या मुलाला कायमचं वाटू लागतं.

दिवाळीच्या साफसफाईत स्केचच्या वह्याही जपा. अर्धवट रेघा, खोडलेले चेहरे, कोपऱ्यात लिहिलेलं एखादं वाक्य, यांतून मूल विचार कसा करतं ते समजतं, आणि अनेक संस्थांना ते पाहायचं असतं. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी वर्षानुवर्षं रेखाटनं आणि टिपणांच्या डायऱ्या लिहिल्या. आज त्यांच्या चित्रांकडे जाताना अभ्यासक त्या डायऱ्यांचाच आधार घेतात.

तुम्हाला हातभार लावायचा असेल तर फोटो काढण्यात लावा. सकाळी खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही असं चित्र ठेवा. फ्लॅश नको, पेन्सिलकाम त्यात चमकतं. मोबाइल चित्राला समांतर धरा, नाहीतर चौकट तिरकी येते. मागे तारीख आणि माध्यम लिहायची आठवण करा. महागड्या रंगपेट्यांपेक्षा भरपूर साधा कागद आणून द्या, फरशीवर डाग पडले तर पडू द्या.

निवडीच्या दिवशी सगळी चित्रं जमिनीवर मांडा आणि मुलालाच वेचू द्या. तुम्हाला न कळणारं एखादं चित्र तो हट्टाने ठेवील. ते काढू नका, ते का ठेवलंस एवढंच विचारा. मुलाखतीतही त्याला हेच विचारणार आहेत.