दुसरा घटस्फोट : आईवडील विभक्त झाल्यावर मुलांच्या मनात निर्माण केला जाणारा दुरावा



या घटकात आपण एका कौटुंबिक प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने करणार आहोत. विवाह मोडण्यासाठी मराठीत काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत आणि घटस्फोट असे शब्द आहेत. 'काडीमोड' शब्दात काडी मोडण्याची लोकरूढी आहे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली काडीमोडीसंबंधी कायदा केला, तेव्हा या रूढीला राज्याच्या नियमाचे रूप मिळाले. 'फारकत' हा मुळात देण्याघेण्यातून मोकळे झाल्याचा कागद. 'घटस्फोट' मात्र वेगळ्याच मुलखातून आला. धर्मशास्त्रात पतित ठरलेल्या व्यक्तीला ज्ञातीबाहेर काढताना पाण्याचा घट उपडा करण्याचा विधी होता. त्यानंतर ती व्यक्ती नातलगांच्या लेखी मेलेली. जिवंत माणसाला मृत मानण्याचा हा विधी आज पतिपत्नींपुरता मर्यादित राहिला, असे आपण समजतो. पुष्कळ घरांत तो मुलाच्या मनात पुन्हा एकदा पार पाडला जातो. या दुसऱ्या घटस्फोटाचा येथे विचार करायचा आहे.

वारणानगरच्या परिसरातील एक कल्पित उदाहरण घ्या. वारणा नदी ही पुष्कळ अंतरापर्यंत कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांची सीमा आहे. मुलाच्या वडिलांचे घर नदीच्या अलीकडे, आईचे माहेर पलीकडे. मध्ये एक पूल. दोन्ही घरांत ऊस तोच, दूध संघही बहुधा तोच. सात वर्षांचा मुलगा वडिलांकडे राहतो. आईविरुद्ध त्याला कोणी समोर बसवून शिकवत नाही. पण गोठ्यात धार काढताना आजी बोलते, सोप्यात बसलेली आत्या बोलते, पाहुणे हळहळतात. आईचा फोन आला की घर गप्प होते. भेटीच्या रविवारी मुलाच्या पोटात दुखू लागते आणि सगळे म्हणतात, "बघा, त्यालाच जायचं नाही." हेच मूल आईजवळ असते, तर पलीकडच्या काठावर मामा आणि आजोबा वडिलांविषयी असेच बोलले असते. या बाबतीत दोन्ही काठ सारखेच. कायद्यालाही हा पूल ओलांडावा लागतो. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार मूल सामान्यतः जेथे राहते, तेथील न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. मूल कोठे राहते, हाच मग वादाचा पहिला मुद्दा होतो.

आपल्या भाषेत यासाठी 'कान भरणे' हा नेमका वाक्प्रचार पूर्वीपासून आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये या अवस्थेला एक वैद्यकीय वाटणारे नाव दिले आणि तिची काही लक्षणे सांगितली. भाषेच्या विद्यार्थ्याला त्यांतील एक विशेष मोलाचे वाटेल, ते म्हणजे उसने शब्द. सात वर्षांचा मुलगा "तिनं आमच्या घराण्याची अब्रू घालवली" असे म्हणतो, तेव्हा त्या वाक्यातील एकही शब्द त्याचा नसतो. 'पोटगी', 'वकील', 'नाटकं करते' हे शब्द त्याच्या तोंडी येतात. पण नेमके काय घडले असे विचारले, तर त्याच्याजवळ प्रसंग नसतो. दुसरे लक्षण म्हणजे संमिश्र भावनांचा अभाव. मुले आईवर रुसतात आणि तिच्याच कुशीत शिरतात. हे दोन्ही एकत्र असणे निरोगीपणाचे आहे. येथे एक पालक सर्वस्वी चांगला आणि दुसरा सर्वस्वी वाईट होतो. द्वेष पुढे आजोळापर्यंत पसरतो. ज्या आजीने न्हाऊमाखू घातले, तीही नकोशी होते.

परिणाम कोणते? मुलाला निष्ठेच्या परीक्षेला बसवले जाते. एकावर प्रेम केले की दुसऱ्याशी द्रोह होतो, म्हणून ते प्रेम लपवू लागते. आईकडे मजा आली तरी घरी आल्यावर "कंटाळा आला" असे सांगते. स्वतःच्या आठवणींवरचा त्याचा विश्वास उडतो. "आईनं मला टाकलं" असे ऐकत वाढलेल्या मुलाला, तिच्या मांडीवर झोपल्याचे आठवत असेल, तर खरे काय मानावे? आणि आपला चेहरा जिच्यासारखा आहे, तीच वाईट असेल, तर आपण कोण? मोठेपणी सत्य कळले, की ज्या पालकावर विश्वास ठेवला त्याच्याविषयी राग आणि ज्याला झिडकारले त्याच्याविषयी अपराधभाव, असे दुहेरी ओझे वाट्याला येते.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मधील एका निकालात या संकल्पनेची दखल घेतली. आई घराबाहेर पडली तेव्हा मुलगी एकवीस महिन्यांची होती आणि ती वडिलांकडेच वाढली. तिचा कल वडिलांकडे असणे स्वाभाविक, पण आईजवळ राहण्याची संधीच न मिळालेल्या मुलीची पसंती अखेरची कशी मानावी, असा तो विचार होता. मुलगी आईकडे सोपवण्यात आली.

तरीही येथे सावध राहिले पाहिजे. गार्डनर यांनी कल्पिलेला 'विकार' अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या अधिकृत सूचीत समाविष्ट झाला नाही. मारहाण करणाऱ्या पतीने, मुले आपल्याला का घाबरतात याचे उत्तर म्हणून "आईनं कान भरले" असे सांगावे आणि न्यायालयाने ते मान्य करावे, हा धोका खरा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी २०२३ च्या अहवालात त्यावर बोट ठेवले. जोन केली आणि जॅनेट जॉन्स्टन या अभ्यासकांनी २००१ मध्ये केलेला भेद म्हणून उपयोगी आहे. प्रत्यक्ष अनुभवामुळे दुरावलेले मूल वेगळे, दुरावा शिकवला गेलेले मूल वेगळे. घाबरलेल्या मुलाजवळ प्रसंग असतात. कोणती खोली, कोणता पट्टा, तेव्हा दारात कोण उभे होते, हे ते सांगू शकते. सगळीच मुले बोलतील असे नाही. म्हणून कोणत्याही मौनाचा अर्थ घाईने लावू नये.

न्यायालयीन मराठीत 'अभिरक्षा' हा शब्द आहे. व्यवहारात आपण 'ताबा' म्हणतो. ताबा जमिनीचा असतो, घराचा असतो. मुलासाठी हा शब्द वापरला की एकाचा ताबा म्हणजे दुसऱ्याची बेदखली, हे ओघानेच आले. विधी आयोगाने मे २०१५ च्या अहवालात संयुक्त अभिरक्षेची शिफारस केली, तिच्यामागे हीच अडचण होती, असे मला वाटते.

आपल्या वाङ्मयात घटस्फोटाचे नव्हे, पण विभक्तपणाचे एक समर्थ उदाहरण आहे. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. भोवती टिळकांविषयी संताप असताना वाढलेल्या याच मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहावरून पुढे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. त्या ग्रंथातील टिळक लहरी आहेत, तापट आहेत, हसू आणणारे आहेत आणि प्रेमळही आहेत. लक्ष्मीबाईंची तक्रार कोठेही लपत नाही. पण मुलाच्या वडिलांचे चित्र त्यांनी एकाच रंगात रंगवले नाही.

स्वाध्याय : 'स्मृतिचित्रे'मधील विभक्तपणाच्या काळातील कोणतेही एक प्रकरण वाचा. टिळकांविषयी इतर नातलग कोणते शब्द वापरतात आणि लक्ष्मीबाई स्वतः कोणते वापरतात, यांच्या दोन याद्या करा आणि त्यांतील फरकावर दीडशे शब्दांत लिहा.