एन-गेदीचा धबधबा : एका सकाळची सहल

हिब्रूत ‘आयिन’ म्हणजे डोळा, आणि झराही. ‘गेदी’ म्हणजे करडू. म्हणून एन-गेदी म्हणजे करडाचा झरा. धबधब्याला हिब्रूत ‘मप्पल’ म्हणतात; तो शब्द ‘पडणे’ या धातूपासून आला. आपला ‘धबधबा’ मात्र पाण्याच्या आवाजावरून. मुलांनो, गावी ओढ्याला काय म्हणत, हे आजीला विचारा. कुलाबा जिल्ह्याकडची असेल तर बहुधा ‘वहाळ’ म्हणेल. म्हणजे ‘नहल दाविद’ हा आपल्या भाषेत दाविदाचा वहाळ.

कोकणातले धबधबे पावसाळ्यात गर्जतात आणि उन्हाळा आला की बहुतेक आटून जातात. एन-गेदी तर वाळवंटात, मृत समुद्राच्या काठी, तरी तिथे बारा महिने पाणी! पाऊस पडतो तो वर यहूदाच्या डोंगरांवर. तो चुनखडीच्या खडकात मुरत मुरत खाली येतो आणि इथे झऱ्यांवाटे बाहेर पडतो. दाविदाचा धबधबा तीस मीटरांहून उंच आहे. उघड्या तपकिरी कड्यावरून ती धार आणि भोवतालचे हिरवे शेवाळ पाहिले की कोकणातला माणूसही थबकतो.

बेर-शेवाहून निघाल तर ३१ नंबरच्या रस्त्याने अरादवरून खाली उतरा, मग ९० नंबरने उत्तरेकडे. दीड तास धरा. आत जायची नोंदणी आधीच करून ठेवा, आणि फाटक उघडताच पोहोचा. सुट्ट्यांत, विशेषतः सुक्कोथ आणि पेसाहच्या मधल्या दिवसांत, वाटेवर रांग लागते. शुक्रवारी फाटक लवकर बंद होते. शाब्बाथची तयारीही असते, तेव्हा दुपारच्या आत परत फिरलेले बरे. आत खाण्यास मनाई आहे. पुऱ्या-भाजी बाहेर, गाडीजवळ. पाणी मात्र भरपूर घ्या.

मसादा, समुद्रस्नान आणि धबधबा एकाच दिवसात उरकायचा मोह अनेकांना होतो. माझे मत विचाराल तर तसे करू नये. घाई झाली की म्हातारी माणसे गाडीत बसून राहतात आणि नंतर त्यांना फोनवर फोटो दाखवले जातात. ती धबधबा पाहायला आलेली असतात, फोटो पाहायला नव्हे.

नहल दाविदात पहिल्या छोट्या धबधब्यापर्यंतची वाट सोपी आहे, चाकांची खुर्चीही जाते. त्यापुढे पायऱ्या आणि चढ. मोठ्या धबधब्यापर्यंत जाऊन यायला तास-दीड तास लागतो. म्हणून दोन तुकड्या करा. एक वर जाईल, दुसरी आजी-आजोबांबरोबर खालच्या डोहाशी बसेल, मग अदलाबदल. बसणाऱ्यांना कंटाळा येणार नाही. रानबकरे जवळून जातात, आणि मांजराएवढे, बिनशेपटीचे शफान खडकांवर ऊन खात पडलेले असतात. तेहिलीमच्या १०४व्या अध्यायात या दोघांचाही उल्लेख आहे.

हिवाळ्यात हवा छान, पण एक धोका आहे. डोक्यावर आकाश निरभ्र असले तरी दूर डोंगरावर पडलेल्या पावसाचा लोंढा क्षणात ओढ्यातून येतो. पुराची सूचना असेल तर सहल पुढे ढकला, कितीही तयारी झालेली असो. समुद्रकिनाऱ्यावर कुंपणापलीकडे पाऊल टाकू नका. समुद्र वर्षाला सुमारे एक मीटर खाली जातो आहे. त्याच्या मागे गोडे पाणी जमिनीतले मीठ विरघळवते आणि वरची माती अचानक खचते.

डोहाशी बसल्यावर दोन गोष्टी सांगता येतील. शौल राजापासून पळालेला दाविद याच रानात लपला होता. गुहेत शौल हाती सापडला, तरी दाविदाने त्याच्या झग्याचे टोक कापले, जीव घेतला नाही (शमुएल आलेफ, अध्याय २४). दुसरी गोष्ट मेंदीची. शीर हाशिरीमच्या पहिल्याच अध्यायात एन-गेदीच्या मळ्यातल्या मेंदीच्या फुलोऱ्याचा उल्लेख येतो. आपल्याकडे लग्नाआधी नवरीला मेंदी लावतात, तीच ही. हिब्रूत तिला तिथे ‘कोफेर’ म्हटले आहे.

वर्गासाठी :
झरा, वहाळ, डोह, धार, लोंढा : प्रत्येक शब्द घेऊन एक वाक्य लिहा.
आजी किंवा आजोबांनी लहानपणी पाहिलेल्या पाण्याच्या एका जागेविषयी त्यांना विचारा आणि ते सांगतील तसेच, त्यांच्याच शब्दांत, लिहून आणा.