उणे तापमानात दोन मोटारसायकली, एक तंबू

मराठी वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले. दुसरी, निफाडचा पारा घसरला. महाराष्ट्रातून इकडे उत्तरेत शिकायला आलेल्या कॅडेटची थंडीशी ओळख साधारण एवढीच असते. पुढे त्याची नेमणूक अशा ठिकाणी होऊ शकते, जिथे शून्य अंश हे दुपारचे तापमान असते. सियाचिनमध्ये १९८४ पासून आपले सैन्य उभे आहे, आणि तिथे गोळीपेक्षा हवामानाने व उंचीने जास्त जवान घेतले हे सर्वश्रुत आहे. म्हणून थंडी हा विषय पुस्तकातल्यासारखाच शिकण्याचा आहे. या लेखात मी तो एका मोटारसायकल प्रवासाच्या आधाराने मांडतो.

प्रवास असा: डिसेंबरचा शेवटचा आठवडा, मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, दोन जुन्या ३५० सीसी बुलेट, एक तंबू. शिमल्याहून नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, पूह, नाको आणि पुढे स्पितीत ताबो. मनालीकडून कुंझुम खिंडीतून स्पितीत येणारा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतो. किन्नौरकडचा हा रस्ता मात्र बराच काळ चालू ठेवला जातो. मित्र निफाड तालुक्यातला, द्राक्षबागायतदाराच्या घरचा. "आम्हाला थंडीचं काय सांगतोस!" हे त्याचे निघतानाचे वाक्य. पालकांना काळजी वाटू नये म्हणून आधीच सांगतो: गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. कॅडेटांनी यातले तंबूचे आणि जोडीदाराचे भाग आज वापरावेत, मोटारसायकलचा भाग राखून ठेवावा.

वारा आपणच तयार करतो

पायी चालणारा माणूस थंडीत चालून गरम होतो. मोटारसायकलवरचा माणूस बसून असतो आणि वर स्वतःच वारा ओढवून घेतो. आपल्या अंगाभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत पुसून नेतो. याला विंड चिल म्हणतात. हवा ० अंश असताना ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला साधारण उणे ७ अंशांइतकी थंडी जाणवते. हवा उणे ५ आणि वेग ६० असेल तर उणे १६. विज्ञान शाखेच्या मुलांनी एक बारकावा लक्षात घ्यावा: वाऱ्यामुळे कोणतीही वस्तू हवेच्या तापमानाखाली जात नाही, ती तिथपर्यंत लवकर पोचते इतकेच. म्हणून २ अंश तापमानाच्या हवेत कितीही वेगाने गेलो तरी बाटलीतले पाणी गोठणार नाही. बोटे मात्र बधीर होतील.

यावर उपाय म्हणजे एक जाड जाकीट नव्हे. आत घाम शोषून बाहेर सोडणारा पातळ थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत बाहेर वारा अडवणारे कापड. सुती बनियन अजिबात नको. सुती कापड घाम धरून ठेवते, आणि ओले कापड कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता काढून घेते. माकडटोपी हेल्मेटच्या आत बसेल इतकी पातळ हवी. छातीवर जाकिटाच्या आत वर्तमानपत्राची घडी घालणे हा जुन्या मोटारसायकलवाल्यांचा उपाय. तो आजही काम करतो. आमच्याकडे शिमल्यातला हिंदी पेपर होता. तो आम्ही वाचलाही आणि घातलाही.

उंची, हवा आणि इंजिन

रेकाँग पिओ सुमारे २,३०० मीटरवर, नाको ३,६०० मीटरच्या आसपास. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा गिर्यारोहणातला संकेत आहे. म्हणून आम्ही पिओला दोन रात्री काढल्या आणि एक रात्र पूहला. नाकोला चहा घेऊन पुढे निघायचे आणि ताबोला, म्हणजे ३,३०० मीटरच्या आत, मुक्काम करायचा असे ठरवले.

३,६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. माणसाला धाप लागते तशी कार्बोरेटरच्या इंजिनालाही लागते. पेट्रोल तेवढेच, हवा कमी, त्यामुळे ओढ मंदावते. पाणी सुमारे ८८ अंशांलाच उकळते, त्यामुळे डाळ शिजत नाही. आम्ही पोहे, सातूचे पीठ, गूळ आणि चिक्की यांवर भागवले. टायरमधल्या हवेचे गणित मजेदार आहे: थंडीने दाब घटतो, पण बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्यामुळे गेज जास्त दाखवतो. अंदाज बांधू नये, रोज सकाळी गेजने मोजावे.

बॅटरी थंडीत मलूल होते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतले आम्ल पातळ झालेले असते आणि ते उणे दहाच्या आसपासही गोठू शकते. आम्ही रात्री बॅटऱ्या काढून तंबूत घेत होतो. सकाळी इग्निशन बंद ठेवून आठ-दहा वेळा सावकाश किक दाबायची, म्हणजे मधासारखे घट्ट झालेले तेल हलते, आणि मगच खरी किक मारायची. चाके रात्री दगडावर किंवा फळीवर उभी करावीत. ओल्या मातीत उभी केली तर सकाळी ती जमिनीला चिकटलेली मिळतात. पिओच्या खालच्या पंपानंतर आम्ही काझापर्यंतच्या पेट्रोलचा हिशेब धरला होता, त्यामुळे प्रत्येकाकडे पाच लिटरचा जादा डबा होता.

तंबूची जागा: निफाडचे ज्ञान

इथे माझ्या मित्राने मला शिकवले. पूहच्या खाली एक सपाट, सुंदर जागा दिसली. नदी जवळ, पाणी जवळ. मी तिकडे बोट दाखवले. तो म्हणाला, "तिथं नको. गार हवा जड असते, रात्री खाली उतरून तळाला साचते. आमच्याकडे खोलगट भागातली बाग आधी करपते." द्राक्षाच्या पट्ट्यात कडाक्याच्या रात्री शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात; हे सारे त्याने लहानपणापासून पाहिलेले. आम्ही वरच्या टप्प्यावर, एका जर्दाळूच्या बागेच्या बांधाआड, मालकाला विचारून तंबू लावला. तोंड पूर्वेकडे, कारण डोंगरात सकाळच्या उन्हाची पंधरा मिनिटेही मोलाची असतात. पहाटे आमच्याकडे उणे ६ होते. मित्र हौसेने थर्मामीटर घेऊन खाली नदीकाठी गेला आणि उणे ९ घेऊन आला. तीन अंशांचा फरक पाहून त्याचा चेहरा दहावीच्या निकालासारखा फुलला होता.

झोपताना थंडी वरून येते असे आपल्याला वाटते. खरी चोरी खालून होते. अंगाखालची स्लीपिंग बॅग दबून चपटी होते, तिच्यातली हवा निघून जाते आणि जमीन उष्णता ओढत राहते. म्हणून दोन पांघरुणे असतील तर एक खाली घालावे. पाण्याची बाटली उलटी ठेवावी; बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे झाकणाकडचे पाणी मोकळे राहते. लघवीला जायचे असेल तर जाऊन यावे, आळसाने धरून ठेवल्यास झोपही लागत नाही आणि ऊबही येत नाही.

आणि तंबूत काहीही पेटवू नये. शेगडी नाही, स्टोव्ह नाही, निखारे नाहीत. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात येतात. स्वयंपाक बाहेर, आणि तंबूची वरची झडप थोडी उघडी. झडप बंद केली तर श्वासातली वाफ कापडावर गोठते आणि सकाळी आपल्याच अंगावर पडते.

नाकोच्या पुढे

नाकोच्या पुढे एका सावलीतल्या वळणावर नाल्याचे पाणी रस्त्यावरून वाहून गोठले होते. डोंगरात असे बर्फ डांबराच्या रंगाचेच दिसते, म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात. याच कारणाने सकाळी दहाच्या आधी निघायचे नाही आणि तीननंतर चालवायचे नाही, असा आमचा नियम होता. आम्ही उतरलो, बर्फावर माती आणि खडी टाकली आणि एकेक गाडी दोघांनी ढकलत पार केली. पाऊण तास गेला. जाकीट काढून ढकलावे असे मी म्हणालो. मी काढले, मित्राने वाऱ्यामुळे अंगातच ठेवले. पलीकडे पोचलो तेव्हा तो घामाने भिजला होता.

त्यानंतर सुमदोपर्यंत तो माझ्या मागे होता. आमचा ठराव होता की मागच्याने आरशात दिसत राहायचे आणि दर वीस मिनिटांनी दोघांनी थांबून एकमेकांचे चेहरे बघायचे. सैन्यात याला बडी पद्धत म्हणतात. स्वतःच्या नाकाचा शेंडा पांढरा पडलेला स्वतःला दिसत नाही, जोडीदाराला दिसतो. पहिल्या थांब्यावर तो कुडकुडत होता आणि मला शिव्या घालत होता. दुसऱ्या थांब्यावर, हुरलिंगच्या अलीकडे, तो शांत होता. कुडकुडणेही थांबले होते.

हेच नेमके घाबरण्याचे चिन्ह. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, मग बोटे ऐकेनाशी होतात, बोलणे जड होते, माणूस चिडतो किंवा गप्प होतो. आणि पुढे हुडहुडी बंद होते, कारण स्नायूंना ती ताकदही उरत नाही. त्याला आता बरे वाटते आहे असा समज होतो. मी त्याला अंगठा करंगळीला लावायला सांगितले. जमले नाही. शंभरातून सात वजा करत जा म्हटले, तो "त्र्याण्णव" म्हणून थांबला. मग म्हणाला, "काही नाही रे, चल, ताबो आलंच."

ताबो खरोखरच फार दूर नव्हते. पण आणखी अर्धा तास वारा अंगावर घेणे त्याला परवडणारे नव्हते. मी त्याच्या गाडीची किल्ली काढून घेतली. तो चिडला, मित्रापेक्षा अनोळखी माणसासारखा चिडला. मी वाद घातला नाही. हुरलिंगमध्ये पहिल्याच घराचे दार वाजवले. आजींनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता आत घेतले. स्पितीतल्या घरात मधल्या खोलीत लोखंडी तंदूर पेटलेला असतो. आधी ओले कपडे उतरवले, कोरडे घातले, छाती, मान आणि काखा गरम ठेवल्या. हातपाय चोळले नाहीत, कारण चोळल्याने हातापायांतले गार रक्त एकदम हृदयाकडे परततं. गिळता येते आहे ना हे पाहून गूळ घातलेले गरम पाणी घोट-घोट दिले. दारू हा थंडीवर उपाय आहे हा समज तर काढूनच टाकावा. ती त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावते, ऊब आल्यासारखे वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते.

वीस मिनिटांनी त्याला पुन्हा हुडहुडी भरली, आणि मला हायसे वाटले. दीड तासाने तो शंभरातून सात वजा करत दोनपर्यंत आला. सुमदोचा चेकपोस्ट ओलांडल्याचे मात्र त्याला आजही आठवत नाही.

रात्र आम्ही त्याच घरात काढली. दुसऱ्या दिवशी ताबोचा मठ पाहिला. इसवी सन ९९६ मधला, मातीच्या भिंतींचा, आत भित्तिचित्रे. काझा तिथून ५० किलोमीटरच्या आत आहे आणि मित्राला जायचे होते. त्याची स्लीपिंग बॅग अजून ओलसर होती आणि आकाश भरून येत होते. "इतक्या जवळ येऊन?" तो म्हणाला. आम्ही परत फिरलो. पूहला पोचलो तेव्हा मागे बर्फ पडायला लागला होता. तो थांबून थोडा वेळ मागे बघत राहिला, मग म्हणाला, "किल्ली घेतलीस तेव्हा तुला मारणार होतो मी."

मैदानावर करून पाहण्यासारखे

यातल्या बऱ्याच गोष्टींचा सराव शाळेतच होतो. जाड हातमोजे घालून, अंधारात, दोघांनी तंबू लावून पाहा आणि घड्याळ लावा. हातमोजे न काढता हेल्मेटचा पट्टा, जाकिटाची चेन आणि चिक्कीचे पाकीट उघडून पाहा. डिसेंबरच्या एका पहाटे मैदानाच्या खोलगट कोपऱ्यात आणि वरच्या पायऱ्यांवर एकाच वेळी थर्मामीटर ठेवून नोंद करा. आठवडाभराच्या नोंदी भूगोलाच्या वहीत छान दिसतील. आणि पुढच्या शिबिरात आपल्या जोडीदाराला शंभरातून सात वजा करायला आधी एकदा उबेत असतानाच सांगा. काहींना ते तेव्हाही जमत नाही, आणि ते आधी माहीत असलेले बरे.