पीएलसीचा पहिला धडा : यंत्र थांबविणे

गाड्यांचे मॉडेल बदलले की कारखान्यातील रिले-पॅनेलांचे वायरिंग नव्याने करावे लागे. हा खटाटोप टाळण्यासाठी अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९६८ मध्ये पर्याय मागविला आणि त्या काळातच ‘मॉडिकॉन ०८४’ हा पीएलसी तयार झाला. वायरमनच्या परिचयाच्या रिले-आकृतीवरूनच त्याची ‘लॅडर’ भाषा बेतलेली आहे.

अभ्यासकाने आरंभी एकच मोटार घ्यावी. पीएलसी इनपुट वाचतो, प्रोग्रॅम सोडवितो, आउटपुट बदलतो. हे चक्र अखंड चालते. स्टार्ट बटण सोडल्यावरही मोटार चालावी म्हणून आउटपुटचा कॉन्टॅक्ट स्टार्टला समांतर घालतात.

स्टॉप बटण मात्र ‘एनसी’, म्हणजे न दाबता जोडलेले असावे. तार तुटली तरी मोटार थांबते. ‘एनओ’ बटणाची तार तुटल्यास ते दाबूनही यंत्र थांबत नाही, आणि हे कामगाराचा हात अडकल्यावरच कळते. एनसी बटणासाठी लॅडरमध्ये खूण मात्र उघड्या कॉन्टॅक्टची येते. नवशिके येथेच चुकतात. आपत्कालीन स्टॉप तर केवळ प्रोग्रॅमवर कधीही सोपवू नये.

म्हणून सरावाच्या बोर्डावर स्टॉपची तार मुद्दाम सोडवून पाहावी. मोटार थांबली, तरच धडा पुरा झाला असे समजावे.