एक्क्याण्णवच्या जागी सत्त्याऐंशी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निघणाऱ्या रुळाच्या पोटावर छेदाचं माप, पोलादाची प्रत, कारखान्याची खूण आणि तो लाटल्याचा महिना-वर्ष उठावाच्या अक्षरांत असतं. कारखान्याच्या सेक्टरांत वाढलेल्या माणसाला असल्या खुणांचं अप्रूप नसतं. तोच माणूस जी.ई. रोडवरच्या टायरच्या दुकानात शिरला की मात्र दोनच गोष्टी विचारतो: कंपनी कोणती आणि चारांचे किती? टायरची कडाही रुळासारखीच बोलकी असते, पण ती वाचायला कोणी वाकत नाही.

असाच एक तिशीतला इंजिनियर. वडील विदर्भातून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. मुलानं टर्बो इंजिनाची सेडान घेतली. कंपनीनं दिलेले टायर होते २०५/५५ आर१६ ९१व्ही. २०२३च्या पावसाळ्यानंतर त्यानं सतरा इंची अलॉय बसवले आणि त्यांवर २१५/४५ आर१७ ८७डब्ल्यू. टायर रुंद झाले, गाडी वळणावर चिकटून जाऊ लागली, दिसायलाही ऐटबाज झाली. दुकानदाराचं म्हणणं, ‘बिलकुल ताज़ा माल है।’ टायर काळेभोर चमकत होते, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं.

डिसेंबरात नागपूरला लग्न निघालं. गाडीत पाच माणसं, डिकी आहेराच्या सामानानं गच्च. राजनांदगाव गेलं, बाघनदीला महाराष्ट्राची हद्द लागली, देवरी मागे पडली आणि एका उखडलेल्या पट्ट्यात पुढचं डावं चाक खाडकन आदळलं. हवा गेली नाही, म्हणून कोणी थांबलंही नाही. साकोलीला चहासाठी उतरल्यावर टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा दिसला. पंक्चरवाल्यानं त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, “भाऊ, आतला धागा तुटला हो. याच्यावर समोर नका जाऊ.” स्टेपनी सोळा इंचीच होती, ती लावून, वेग साठच्या आत ठेवून मंडळी कशीबशी नागपुरात पोचली.

नेमकं चुकलं काय होतं, ते समजायला कडेवरचे आकडे एकेक करून पाहावे लागतात. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ४५ म्हणजे त्या रुंदीच्या ४५ टक्के एवढी कडेची उंची. ‘आर’ रेडियल बांधणीचा आणि १७ रिमचा इंचांतला व्यास. हिशेब केला तर जुन्या टायरचा एकूण व्यास ६३२ मिलिमीटर भरतो, नव्याचा ६२५. फरक जेमतेम एक टक्का, स्पीडोमीटरलाही कळणार नाही. पण कडेची उंची ११३ मिलिमीटरवरून ९७ वर आली होती. खड्ड्याची धार आणि रिमचा ओठ यांच्यामध्ये चिरडायला तेवढं रबर कमी उरलं.

त्यापुढचा आकडा भारांकाचा, आणि खरी मेख तिथंच होती. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ८७ म्हणजे ५४५. चाकामागे ७० किलो वजा. गाडी आणि माणसं मिळून होणारं वजन चार टायरांच्या कागदावरच्या एकूण क्षमतेत बसत होतं, हे खरं. पण भारांकाचा आकडा ठरावीक हवेवर दिलेला असतो: साध्या टायरला २.५ बार, म्हणजे सुमारे ३६ पीएसआय, आणि ‘एक्सएल’ असं लिहिलेल्या मजबूत बांधणीच्या टायरला २.९ बार, म्हणजे सुमारे ४२. कमी भारांकाच्या टायरला तेवढंच ओझं पेलायला जास्त हवा लागते. या गृहस्थांनी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचून जुन्याच टायरची हवा भरली होती. याच मापात ९१डब्ल्यू एक्सएल टायरही बनतात. ते घेऊन हवा त्यांच्या हिशेबानं भरली असती तर भारांक जागेवर राहिला असता.

शेवटचं अक्षर वेगाचं. एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किलोमीटर. आपल्याकडे समृद्धी महामार्गावरही मोटारींची मर्यादा ताशी १२०, मग २७० कशाला, असं वाटतं. पण हे अक्षर पकडीचं नाही, तापाचं आहे. योग्य हवा आणि ठरलेला भार असताना टायर त्या वेगाची उष्णता सोसू शकतो, एवढीच ती ग्वाही. हवा कमी असली की कडा जास्त दबते, दर फेऱ्याला तापते आणि ग्वाही तिथंच संपते. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला. टायर फुटून अपघात होऊ लागल्यावर आरटीओनं प्रवेशाच्या जागी टायर तपासायला सुरुवात केली, ती याच कारणानं.

नागपुरात गाडी लिफ्टवर चढवल्यावर दुसरी गोष्ट उघडी पडली. कडेवर ‘डीओटी’ अक्षरांनंतर खुणांची ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३१२२ म्हणजे २०२२चा एकतिसावा आठवडा. बहुतेक टायरांत ही पूर्ण ओळ एकाच बाजूला असते, दुसरीकडे तारखेविना अर्धवट. या गाडीच्या दोन टायरांची तारखेची बाजू आत गेली होती. खालून मोबाइलचा उजेड टाकल्यावर आकडे दिसले: ०९१९. विकताना ते साडेचार वर्षांचे होते. वरची चमक पॉलिशची होती.

रबराला वय असतं. प्राणवायू आणि ओझोन त्याला आतून-बाहेरून कडक करत जातात. हे लांबवण्यासाठी कारखान्यातच मेण आणि संरक्षक रसायनं मिसळतात. पडून राहिलेल्या टायरवर दिसणारी तपकिरी झाक त्यांचीच. उष्णतेत ही सगळी प्रक्रिया वेग घेते, आणि मे महिन्यात भिलाईचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असू शकतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपुढे वापरू नये, असं मोठ्या टायर कंपन्याच सांगतात.

आता रबराच्या मिश्रणाविषयी. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थरात नैसर्गिक रबर, कृत्रिम रबराचे एक-दोन प्रकार, काजळी, सिलिका, तेल, गंधक असं बरंच काही असतं. रस्त्याच्या बारीक खड्यांवर दबलेलं रबर लगेच उसळी घेत नाही, रेंगाळतं. पकड त्या रेंगाळण्यातून येते आणि तीच ऊर्जा उष्णता होऊन टायर तापवते. पूर्वी पकड वाढवली की इंधन जास्त लागायचं. १९९०च्या दशकात मिशेलिननं काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरायला सुरुवात केली आणि ओल्या रस्त्यावरची पकड फारशी न सोडता टायर हलका फिरू लागला.

मिश्रण किती मऊ, याचा अंदाज अनेक टायरांवर लिहिलेल्या ‘ट्रेडवेअर’च्या आकड्यातून येतो. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या मार्गावर ७२०० मैल चालवून, १०० धरलेल्या प्रमाण टायरशी झीज ताडून हा आकडा काढतात. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट फोर एसवर ३०० असतो, तर ट्रॅककडे झुकलेल्या कप टूवर अनेक मापांत १८०. मात्र आकडा जाहीर करते ती कंपनीच, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो ताडून पाहावा; दोन कंपन्यांत फारसा विसंबू नये. शेजारचं ‘एए’ किंवा ‘ए’ हे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरच्या पकडीचं आहे, वळणाचं नाही.

कमी आकडा म्हणजे भारी टायर, हा समज तरुणांत पक्का आहे. ट्रॅकचं रबर नीट गरम झाल्याशिवाय धरत नाही. भिलाईतल्या सुपेल्याच्या गर्दीत आणि जानेवारीच्या सकाळी ते आपला गुण दाखवतच नाही. त्याची नक्षी उथळ, म्हणून जुलैच्या पावसात साचलेल्या पाण्यावर ते लवकर तरंगतं. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर झिजतं मात्र भराभर. रोज कामावर आणि महिन्याला नागपूर, अशा वापराला तीनशेच्या आसपासचं किंवा वरचं मिश्रण शहाणपणाचं.

महागड्या गाड्यांत आणखी एक खूण पाहावी. बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’, पोर्शसाठी ‘एन’ आणि पुढे आकडा. नाव आणि माप तेच असलं तरी या टायरांची बांधणी वा मिश्रण त्या गाडीपुरतं बदललेलं असतं. एकाच आसावर खुणेचा आणि बिनखुणेचा टायर जोडू नये. जून २०२०पासून नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आहेत. त्यामुळे मोठ्या मापांचा तुटवडा पडतो, आणि जुना साठा किंवा परदेशात वापरून झालेला माल नवा म्हणून गळ्यात पडतो तो अशाच वेळी. कडेवर आयएसआयचा ठसा आणि त्याबरोबर ‘सीएम/एल’ क्रमांक नसेल तर टायर घेऊ नये.

लग्नाहून परतल्यावर त्या इंजिनियरनं चारही टायर बदलले आणि ओळखीच्यांना एक क्रम घालून दिला. दुकानात जाण्यापूर्वी गाडीच्या स्टिकरवरून माप, भारांक, वेगाचं अक्षर आणि हवा लिहून घ्यायची. भारांक आणि अक्षर चढलं तर चालेल, उतरता कामा नये. टायर रिमवर चढण्याआधी चारही डीओटीचे फोटो काढायचे. टायर एकाच बाजूला बसणारा असेल तर ‘आउटसाइड’ खरोखर बाहेर आलंय का आणि फिरण्याचा बाण पुढे आहे का, ते पाहायचं. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरायची. दर सहा अंशांना सुमारे एक पीएसआय वाढते, म्हणून दुपारी वाढलेली दिसली तरी सोडायची नाही. नक्षीच्या खाचांतली उंचवट्याची खूण १.६ मिलिमीटरची असते, ती कायद्याची हद्द. पावसाळ्यापूर्वी ३ मिलिमीटरखाली गेलेला टायर बदलायचा. आणि बिलावर नुसतं ‘टायर ४ नग’ लिहू द्यायचं नाही: पूर्ण माप, भारांक आणि चारही आठवडे लिहून सही-शिक्का घ्यायचा. दुकानदार त्याला नाही म्हणाला, तर तिथून टायर घ्यायचा नाही.